सात लाडू आणि आठवा

सोनवडी, कार्तिकी पौर्णिमा, संवत २०४३

चि. संतोक,

तुझ्या भाभीचे पोटभर आशीर्वाद. पत्र मी स्वतः लिहितेय, कुणाकडून लिहवून घेत नाहीये, म्हणजे कारण तसंच आहे हे समज. दुसरीपर्यंतचीच शाळा माझी, पण जेवढं गुप्त तेवढं स्वतःच्या हाताने लिहावं.

मुक्ताचं पत्र आलं. हर्षिदाचं लग्न ठरलं, वसंत पंचमीला. माझी नात बोहल्यावर चढणार! रवजीने पत्र वाचून दाखवलं तेव्हा मी ताक घुसळत होते, रवी तशीच सोडून उठले आणि म्हशीला जाऊन सांगितलं. म्हैस गाभण आहे, माघातच विईल म्हणतात, म्हणजे ऐन लग्नात दुधाची पंचाईत. असो, म्हशीचं पुढे लिहीन.

संतोक, मामेऱ्याचा आहेर घेऊन आम्हीच येणार ना? आम्ही नातीचं आजोळ. मामा म्हणून रवजी पुढे, आणि मागे मी आणि गावच्या वीस बायका. मुक्ताच्या सासूच्या, तुझ्या त्या उजमच्या दारात उभ्या राहून आम्ही फटाणी गाणार, विहिणीची टर उडवणारी एकेक गाणी. आणि ती काही कान झाकू शकणार नाही, कारण मांडवातलं फटाणं ऐकून घ्यावंच लागतं. चोवीस वर्षं, संतोक! चोवीस वर्षं मी या दाराची वाट बघतेय.

तू विसरली असशील, मी नाही. मुक्ताच्या लग्नात उजम वऱ्हाड घेऊन आली. मी लेकीची आई, कन्यादानाचा उपास, तोंडात पाण्याचा थेंब तेवढा. आणि तिच्या बायकांनी भर मांडवात सूर लावला:

मोंघी विहीण उपाशी गं, चेहरा पाहा सुकलेला,
सात लाडू पोटात गं, आठवा पदरी लपलेला!

सगळा मांडव हसला. तुझे भाऊसुद्धा हसले, त्यांच्याशी मी आठ दिवस बोलले नाही. धडधडीत खोटं! त्या दिवसापासून चुरम्याचा लाडू समोर आला की माझ्या छातीत कुणी जातं फिरवतंय असं होतं. चोवीस वर्षांत चारचौघांत मी लाडवाला हात लावलेला नाही. डॉक्टर म्हणतात, रक्ताचा दाब चढलाय. त्या दाबाचं नाव उजम आहे, हे त्यांना कोण सांगणार?

तू तिच्या शेजारच्या गल्लीत राहतेस. मला तिची दुखरी नस कळव. कुठे पडली, कुठे फसली, काय हरवलं, सगळं. कुणाला कळता कामा नये.

तुझी भाभी मोंघी

ता. क. शेंगा पाठवते. भाजून खा, कच्च्या खाऊ नकोस, मागच्या वेळी तुला काय झालं होतं ते आठव.

---

राजपरा, मार्गशीर्ष शुद्ध द्वितीया

भाभी,

जय श्रीकृष्ण. शेंगा मिळाल्या, भाजूनच खाल्ल्या.

तुम्ही माझ्या भावाच्या घरात आलात तेव्हा मी सात वर्षांची होते, तुम्ही माझी वेणी घालायचात. तेवढ्यासाठी हे काम करते, नाहीतर केलं नसतं. अडुसष्टाव्या वर्षी माणसं जपमाळ ओढतात, तुम्ही सूड ओढताय.

घ्या लिहून. उजमबेनने मागच्या वर्षी कवळी बसवली. झोपताना पितळेच्या वाटीत काढून ठेवते. एकदा विसरून सत्संगाला गेली आणि सगळं भजन नुसत्या ओठांनी म्हटलं. दुसरं, भावाकडे जेतपूरला निघाली होती, चुकीच्या गाडीत बसली आणि थेट जुनागडला, गिरनारच्या पायथ्याशी उतरली. तिथे माकडांनी तिची शिदोरी नेली. हे तिनेच सांगितलं, हसता हसता तिला ठसका लागला होता.

आणखी एक सांगते. त्याच लग्नात तुमच्या बायकांनीही तिच्यावर गायलं होतं, आठवतं? ती उंच म्हणून?

उजम विहीण उंटीण गं, मान तिची लांबडी,
अंगणात बसून खाते गं, छपरावरची काकडी!

ते ती अजून गाते. दळताना, नातवंडांना न्हाऊ घालताना. हर्षिदा या गाण्यावरच मोठी झाली. 'माझ्या वेवाणीने, मुक्ताच्या आईने माझ्यावर केलंय,' असं सांगते सगळ्यांना.

बघा बाई, काय करायचं ते.

संतोक

---

सोनवडी, मार्गशीर्ष वद्य पंचमी

चि. संतोक,

वाचून मी दोन वाट्या जास्तीचं ताक प्यायले. म्हणजे ती माझं गाणं गाऊन मला चिडवते! दळताना काय, न्हाऊ घालताना काय! मुद्दाम तुझ्या कानावर पडावं आणि तू मला कळवावं म्हणून गाते, एवढं कसं तुला समजत नाही? तू पहिल्यापासून भोळी. लहानपणी तुला कुणीही आवळा म्हणून निंबोळी खायला घालायचं.

पण कवळी! संतोक, देवाने तुला याचसाठी त्या गावात दिलं. ऐक:

उजमबेनचे दात गं, पितळेच्या वाटीत,
दात राहिले घरी नि बाई निघाली गाडीत!

जायचं होतं जेतपूरला, चढली ती गिरनार,
माकडांना विचारते, 'इथं कुणाचं घरदार?'

अशी सहा कडवी झालीत. दुपारी पापड लाटायला बायका येतात, त्यात तालीम चालते. लाभूचा आवाज उंच आहे, तिला पुढे ठेवलंय. दिवाळीमा बहिरी आहे पण टाळ्या जोरात देते. पापड मात्र यंदा जाड झालेत, हसता हसता लाटले की जाडच होणार.

आणि एक गंमत. रवजीने मला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधला, फुगवला, पुन्हा फुगवला. मग, आपल्या आईला म्हणावं तसं, म्हणाले, "बा, दाब उतरलाय. काय केलंत?"

मी म्हटलं, "काम काढलंय एक."

"असंच राहू द्या. ताण घेऊ नका."

मी म्हटलं, "साहेब, तुम्ही कधी बाज विणलीय? ताण नसलेल्या बाजेवर झोपलं तर कंबर जमिनीला टेकते. ताण हवा, पण दोरी आपल्या हातात हवी. इतकी वर्षं दोरी दुसरीच कुणी ओढत होती, आता मी ओढतेय."

डॉक्टर हसले. लहान वयाचे आहेत, अजून लग्न नाही. आपल्यात कुणाची मुलगी असेल तर सांग.

आता काम असं कर, तिच्याकडे जाऊन बस आणि ती घाबरलीय का ते बघ.

तुझी मोंघी भाभी

---

राजपरा, पौष शुद्ध सप्तमी

भाभी,

चूक झाली आहे. आधी सांगून टाकते, मग रागवा.

मी तिच्याकडे बसले होते, शेंगदाणे निवडत. तिने विचारलं, "मोंघीबेनची तयारी कशी चाललीय?" मी म्हटलं, "जोरात, पापडसुद्धा जाड लाटतायत." ती म्हणाली, "जाड का?" आणि मला हसू फुटलं. मग काय, तिने पिच्छाच पुरवला. कडवी सांगितली नाहीत, पण तिच्यावर सहा आहेत एवढं निघून गेलं तोंडातून.

मला वाटलं, आता हिचा चेहरा उतरणार. भाभी, ती उठून उभी राहिली. "सहा?" म्हणाली. "माझ्यावर? सगळी माझ्यावर?"

दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर सगळ्या गावाला कळलं होतं. "माझ्या वेवाणीने सहा कडवी केलीत. तुमच्या वेवाणी दोनात आटपतात!" तिने पोपटी साडी घेतली आहे, खास मामेऱ्याच्या दिवशी दारात उभं राहायला. मला म्हणाली, "संतोक, ते गेल्यापासून (तिचा म्हातारा, तीन वर्षं झाली) मला कुणी चिडवलं नाही बघ. सगळे 'बा, बसा', 'बा, जपून'. म्हातारीवर फटाणं कोण रचतं? मोंघीबेनने मला अजून हिशोबात धरलंय."

तुम्ही म्हणता, ती चिडवायला गाते. मला तसं वाटत नाही. दगड एकच असतो भाभी. एकीच्या डोक्यात बसतो, दुसरी त्यावर चटणी वाटते.

थोडक्यात, तुम्ही तिला मारायला निघालात आणि ती जेवायला पाट मांडून बसली आहे.

संतोक

---

सोनवडी, उत्तरायणाचा दुसरा दिवस

चि. संतोक,

तुझं पत्र आल्यावर मी दोन दिवस काही खाल्लं नाही. तुझे भाऊ म्हणाले, "कोण मेलं?" मी म्हटलं, "माझी सहा कडवी मेली."

छतावर पोरंटोरं पतंगामागे ओरडत होती आणि मी खाली चिक्कीचा पाक ढवळत विचार करत होते. पोपटी साडी! माझ्या सुडासाठी पोपटी साडी! पाक करपला. आणि त्या करपल्या वासातच मला सुचलं.

संतोक, फटाण्याहून वाईट काय असतं? सांग. फटाणं नसणं! जिच्यावर फटाणं नाही, ती मांडवात नाही. मी सगळ्यांवर गाणार. जावयावर, आचाऱ्यावर, तुझ्यावर (वाईट वाटून घेऊ नकोस, घोरण्यावर आहे), म्हशीवर, दाराच्या खांबावरसुद्धा. आणि तिच्यावर एक अक्षर नाही. पोपटी साडी नेसून उभी राहू दे, वाट बघू दे.

सुचल्यावर मी उरलेली चिक्की एकटीने खाल्ली. इतकी गोड कधी झाली नव्हती, करपलेली असून.

आता तू म्हणशील, एवढं कशासाठी भाभी, एका ओळीसाठी? तर ऐक, आणि वाचून चुलीत घाल. त्या ओळीत सात लाडू खोटे होते. एक खरा होता.

मुक्ताच्या लग्नाच्या दिवशी मी पहाटेपासून उपाशी. वऱ्हाड उशिरा आलं, कन्यादान लांबलं. मी तूप आणायला कोठारात गेले. लाडवांची परात उघडी होती. डोळ्यांपुढे अंधारी आली गं. एक उचलला आणि तुपाच्या डब्यामागे उभी राहून खाल्ला. कन्यादानाच्या आधी, लेकीच्या आईने. पदराला तोंड पुसून बाहेर आले, तर समोर उजम उभी, आणि लगेच ते गाणं. तिने बघितलं होतं. बघितलं आणि भर मांडवात माझ्या देवाला सांगितलं.

पुढे पाच वर्षं मुक्ताला मूल नव्हतं. लोक वैद्य शोधत होते, मी परात मोजत होते. मुक्ताला ताप आला, लाडू. जावयाचा पाय मोडला, लाडू. हर्षिदा सातव्या महिन्यात झाली, लाडू. प्रत्येक वेळी वाटायचं, हे माझ्या पोटातून आलंय. एक घास खाल्ला आणि चोवीस वर्षं गिळतेय. आता कळलं, मला तिचा राग का आहे?

कुणाला सांगू नकोस. तुझ्या भावाला तर मुळीच नाही.

मोंघी

---

सोनवडी, माघ शुद्ध दशमी

चि. संतोक,

सगळे सुखरूप पोचलो. पाहिलंस तिचं तोंड? पाहिलंस ना? लाभूने खांबावरचं कडवं उचललं तेव्हा ती पुढे सरकली, पदर सावरला. तिला वाटलं, आता आपलं. आणि मी टाळी देऊन गाणं संपवलं, "चला बायांनो, पाय धुवा!" असं म्हणून. जिंकले गं मी!

हर्षिदा काय दिसत होती! मुक्ताचं नाक, पण चाल उजमची. उंच आहे ना. नवऱ्यामुलाला मान वर करून बघावं लागत होतं. मला बिलगून रडली, मग उजमला बिलगून. उजमला जरा जास्त वेळ. असो.

काल पुन्हा दवाखान्यात. डॉक्टर म्हणाले, "बा, दाब चढलाय, आधीपेक्षा जास्त. काम संपलं का?" मी म्हटलं, तुमचं यंत्र बिघडलंय. ते म्हणाले, नवीन आहे.

म्हैस व्याली. रेडकू आहे. चीक काही गोड लागला नाही, गूळच खराब असणार.

तू काही लिहिलं नाहीस. लिही.

मोंघी भाभी

---

राजपरा, माघ वद्य द्वितीया

भाभी,

लिहिणार नव्हते. पण तुमचं ते लाडवाचं पत्र चुलीत घालायला काढलं आणि पुन्हा वाचत बसले, म्हणून लिहिते.

तुम्ही जिंकलात. त्या दिवशी प्रत्येक कडव्याला ती हसत होती, आचाऱ्यावरच्याला तर डोळ्यांतून पाणी काढलं. मला कोपराने ढोसून विचारत होती, "माझं पुढे असेल, नाही? शेवटी ठेवलं असणार मोंघीबेनने, चांगलं ते शेवटी." गाणं संपल्यावर तिने विचारलं, "झालं?" मी म्हटलं, "झालं." "मला ऐकू नाही आलं वाटतं," म्हणाली. मग आत गेली. तुमच्या पंगतीला वाढायला बाहेर आली, तेव्हा पोपटी साडी बदललेली होती, तुम्ही पाहिलं की नाही माहीत नाही.

परवा तिच्याकडे गेले. कवळी वाटीत, भर दुपारी. म्हणाली, "आता कुणाला दाखवायचे दात?" मग तिनेच मुक्ताच्या लग्नातली गोष्ट काढली. मी तोंड उघडलं नव्हतं, भाभी, तुमची शपथ.

ती म्हणाली, "त्या दिवशी आमच्या बायकांनी सगळ्यांवर रचलं, मोंघीबेनवर नाही. म्हणाल्या, ती बापडी घाबरट, तिच्यावर काय गायचं, सोडा. मी म्हटलं, माझी वेवाण गाण्यावाचून राहायची नाही. मी बघायला गेले, तर ती कोठारातून येत होती, उपासाने पांढरीफटक, उभं राहवेना. मला इतकं भरून आलं! मी म्हटलं, हिला हसवायला हवं. उपाशी बाईला काय म्हणायचं? सात लाडू खाल्लेस म्हणायचं! तिथल्या तिथे रचलं मी ते. माझं एकच, जन्मातलं."

मी विचारलं, "तुम्ही कोठारात काही पाहिलंत?"

"काय पाहायचं?" म्हणाली. "तुपाचा डबा होता हातात."

भाभी, तिने काही पाहिलं नव्हतं. चोवीस वर्षं ते फक्त तुम्हीच पाहत होतात.

संतोक

---

सोनवडी, शिवरात्रीचा दुसरा दिवस

उजमबेन, राजपरा यांस,

उंटीण वेवाणबाई,

हे पत्र तुम्हाला मोंघीने स्वतःच्या हाताने लिहिलंय. वेड्यावाकड्या अक्षराला हसायचं तर कवळी घालून हसा, नाहीतर माझा अपमान होईल.

मामेऱ्याला तुमच्यावर गायलं नाही. तुम्हाला वाटलं असेल, विसरले. मी काही विसरत नाही, संतोकला विचारा. सूड होता तो. कशाचा ते विचारू नका, माझ्या डोक्यात एक मांडव चोवीस वर्षं उभा होता, तुम्ही त्यात नव्हताच. काल एकटीनेच उतरवला. तुझे भाऊ (संतोकचे, तुमचे नव्हे, हात आपोआप तिलाच लिहायला लागतो) म्हणाले, रडतेस काय? मी म्हटलं, कांदा चिरतेय. शिवरात्रीच्या दिवशी कांदा! त्यांना तेवढंही कळलं नाही.

पण मी काही माफी मागायला बसलेली नाही. फटाण्याची माफी नसते, फटाण्याला फटाणं असतं. माझ्याकडे सहा कडवी होती, सातवं काल झालं. लाभूला आणि दिवाळीमाला घेऊन मी स्वतः तिकडे येते आहे, होळीच्या आधी, लग्न नाही, मांडव नाही, काही नाही. तुमच्या दारात उभी राहून सातही गाणार, सगळं गाव ऐकेल असं. पोपटी साडी नेसून उभं राहायचं. दुसरी नेसलात तर आल्या पावली परत जाईन. एक आत्ताच ऐका, बाकीची दारात:

उजमबेनला धाडले लाडू, खाईल कशी बाई?
कवळी म्हणते 'दम धर', जीभ करते घाई!

रवजीच्या हाती डबा पाठवतेय. चुरम्याचे लाडू, नव्या तुपातले. डब्यावर आठ लिहिलंय, पण आत सातच निघतील. रवजीवर संशय घेऊ नका. काल उपास होता, तो मी शेवटपर्यंत पाळला. आज लाडू वळले आणि आठवा मी खाल्ला. अंगणात, बाजेवर बसून, पापडवाल्या सगळ्या बायकांसमोर, पदर बाजूला करून.

छातीत काही झालं नाही. नुसता वेलदोडा जास्त झालाय.

तुमची वेवाण,
मोंघी